फेल्डयेगर हे नाव कैसे पडले

श्रीवनदेवता साक्ष, श्रीरणदेवता साक्ष. ज्याने शब्द बोलावा त्यानेच त्याचा भार वाहावा, हे ध्यानी धरून लिहिणे आरंभिले. शके सोळाशे बासष्ट, रौद्रनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. उत्तरेस पुष्कळ नद्या ओलांडून गेले असता टोपीकरांचे एक राज्य होते. त्याचे नाव येथे घातले नाही, कारण राज्ये नाव बदलतात आणि कागद तैसाच राहतो. त्या राज्यात जे लोक फौजेत शिस्त राखतात, चुकार सिपायास धरून आणतात आणि वाटेवर अडलेले गाडेघोडे मार्गी लावतात, त्यांस फेल्डयेगर म्हणतात. त्यांच्या भाषेत फेल्ड म्हणजे मैदान, रणाचे मैदान. आणि येगर म्हणजे शिकारी. आता फौजेचा कोतवाल तो शिकारी कैसा जाहला, आणि शिकारी रान सोडून मैदानात कैसा आला, याची हकीकत लोक सांगतात तैसी येणेप्रमाणे. खरी किती आणि वाढीव किती, ते देव जाणे.

त्या साली राजा नवा गादीवर बसला होता, आणि नव्या राजास मुलूख थोडका वाटतो, म्हणोन त्याने ऐन हिवाळ्यात शेजारच्या राज्यावर स्वारी केली आणि सरहद्दीवरच्या एका किल्ल्यास वेढा घालून बसला. बर्फ पडू लागले, तंबू वाकले, तोफांच्या तोंडात बर्फ भरून ते काढण्यातच गोलंदाजांचा दिवस जाऊ लागला, आणि मग फौजेतून माणसे पळू लागली. त्यांचा बंदोबस्त पागेचे सरदार बोडोराव यांजकडे होता. बोडोराव शूर, घराणे मोठे, दोन लढायांत घोडा खाली पडला तरी पायउतारा लढलेले. परंतु त्यांची रीत एकच होती. कोणी हजेरीस चुकला की स्वार सोडावे, जेथे सापडेल तेथे जवळचे झाड पाहावे आणि त्यास तेथेच लटकवावे. का गेलास, कोठे चाललास, हे पुसणे नाही. बोडोराव म्हणत, "पुसले की उत्तर ऐकावे लागते, आणि उत्तर ऐकले की हात जड होतो." मग ऐसे होऊ लागले की जो घटकाभर दारूच्या नादाने गावात राहिला, तोही परत येईना. परत गेलो तरी झाड, न गेलो तरी झाड, मग निदान चार पावले दूरचे झाड बरे, ऐसा हिशेब करून तो पुढेच पळे. लटकणारे वाढले तैसे पळणारेही वाढले. राजाने ही गोष्ट मनात धरली आणि आपल्या राज्यातील सरकारी रानांचे जे राखे, पिढीजात शिकारी, त्यांस छावणीत बोलाविले.

त्या राख्यांचे मुखत्यार लुटगरजी. वय पन्नाशीकडे झुकलेले, दाढी अर्धी पांढरी, बोलणे मोजके. त्यांच्या वडिलांकडे एक रान होते ते वडिलांच्या हयातीतच दुसऱ्यास दिले गेले, आणि तेव्हापासून लुटगरजी परक्या रानात परक्याचे हरण राखीत जन्म काढीत होते. राजाने त्यांस समोर उभे करून म्हटले, "माझे पळपुटे मला जिवंत आणून द्या. लढाई सरली की तुम्हा प्रत्येकास एकेक रान तहहयात देतो. तुम्ही मुखत्यार, तुम्ही आधी निवडा." लुटगरजींनी टोपी काढून मुजरा केला. बाहेर येऊन जोडीदार कास्परला एवढेच म्हणाले, "ओढ्यावरचे ओकचे रान मागेन. म्हातारपणी दारात बसलो तरी पाण्याचा आवाज येईल." कास्पर हसून म्हणाला, "आधी म्हातारपण मागा, मुखत्यार. येथली हवा पाहता तेच मिळणे कठीण." मग ते हिरवे कोट घातलेले लोक छावणीत राहू लागले, आणि सिपाई त्यांस पाहून म्हणत, "हे आले पालाखाऊ," आणि स्वार तर त्यांच्या तंबूपुढे मुद्दाम गवत टाकून जात. कास्परने ते गवत गोळा करून अंथरुणाखाली घातले आणि दुसरे दिवशी स्वारांस म्हणाला, "कालचे थोडे ओलसर होते हो, आज वाळलेले आणा."

मग पहिलेच काम आले ते वेंडेल नावाच्या सिपायाचे. वेंडेल पायदळातला, फौजेत बरीच वर्षे काढलेला, मूळचा घरे शाकारणारा. सकाळच्या हजेरीस तो नव्हता. बोडोराव लुटगरजींच्या तंबूपुढे घोड्यावरूनच बोलिले, "अरे रानट्या, तुझी परीक्षा आली. संध्याकाळच्या आत पाहिजे. मी पुलाजवळच्या झाडास दोर बांधून ठेवतो, म्हणजे तुला फार चालणे नको." लुटगरजी म्हणाले, "सरदारसाहेब, आणतो. दोराचे महाराज ठरवतील." बोडोरावांनी ते ऐकले न ऐकलेसे केले. आणि लुटगरजी कास्परला, आणखी एका शिकाऱ्याला आणि माग काढणाऱ्या कुत्रीला घेऊन निघाले.

बर्फावर माग स्पष्ट होता. टेकडी चढून, देवदारांतून, पलीकडच्या उतारावर गेला होता, कोठे वळसा नाही, कोठे ओढ्यातून चालून माग बुडविणे नाही. उतारावर एक लहान गाव होते, आणि गावाच्या कडेच्या घरावर एक माणूस बसून छपरात लव्हाळ्याच्या पेंढ्या खोवीत होता. अंगात फौजेचा कोट होता आणि बटणे उन्हात चमकत होती. कास्पर म्हणाला, "मुखत्यार, हा लपला आहे की मिरवतो आहे? तोफेचा गोळा इथवर येता तर पहिला यालाच लागता." तो बंदूक सावरून पुढे निघाला तो लुटगरजींनी त्याच्या बाहीस धरले आणि म्हणाले, "घर आहे ते." "मग?" "मग काय? आत बाईल असेल, पोरे असतील. पिले घेऊन जाळीत शिरलेले जनावर आपण कधी धरले आहे?" कास्पर म्हणाला, "हे जनावर नव्हे, सिपाई आहे." लुटगरजी म्हणाले, "मला दुसरा कायदा येत नाही. महाराजांना दुसऱ्या कायद्याने माणसे आणवायची असती तर बोडोराव होतेच." तर शिकाऱ्यांचा नेम ऐसा होता की जाळीत, बिळात, पिलांपाशी असलेल्या जनावरास हात लावू नये, जाळीच्या तोंडाशी बसावे, आणि ते आपल्या पायांनी बाहेर येईल तेव्हा धरावे. हा नेम हरणाडुकरांसाठी होता. माणसासाठी तो लावणे ही चूकच म्हणावी, आणि जगात दुसऱ्या कोणा सिपायाने ती केली नसती. परंतु लुटगरजी कुंपणापाशी लाकडाच्या ओंडक्यावर बसले, आणि मग बाकीचे दोघेही बसले, आणि कुत्रीही बसली.

वेंडेलने वरून त्यांस पाहिले. घटकाभर हात थांबला, आणि मग पुन्हा पेंढी उचलून खोवू लागला. थोड्या वेळाने त्याची बायको ओटिली बाहेर आली, हात पदराला पुसत, चेहरा चुलीने तांबडा झालेला. ती म्हणाली, "न्यायला आलात?" लुटगरजी म्हणाले, "होय बाई." "मग बसलात का?" "तो घरात आहे." "घरात कोठे, घरावर आहे." लुटगरजींनी यावर विचार केला आणि म्हणाले, "वळचणीच्या आत ते सगळे घरच." बाई म्हणाली, "मागच्या वेळी त्याच्या सोबत्याला न्यायला आले ते घोड्यावरून आले होते, आणि दार फोडून आले होते. तुम्ही कोणते लोक?" कास्पर म्हणाला, "आम्ही पालाखाऊ, बाई. पाला नसेल तर शिजवलेलेही चालते." तेव्हा ती आत जाऊन वाटाण्याची पातळ आमटी घेऊन आली, वाडग्यात ओतली आणि म्हणाली, "हे प्रेमाने देत नाही. खाताना तोंड बंद राहते म्हणोन देते. त्याच्या हातून आढ्याचे काम राहिले आहे, त्यात त्याला हाक मारू नका." मग ती शिडीशी जाऊन पेंढ्या वर देऊ लागली. तिचा हात खांद्याच्या वर पोहोचत नव्हता, आणि कास्पर आमटी संपवून उठला आणि न पुसता पेंढ्या वर देऊ लागला. लुटगरजींनी त्यास अडविले नाही. मनात मात्र म्हणाले की ऊन कलते आहे, आणि संध्याकाळची बोली आहे, आणि सरदाराच्या हाती ही चांगली काठी दिली आपण. ओकचे रान त्यांच्या डोळ्यापुढे उभे राहिले, त्यातला ओढाही. आणि ते उठले नाहीत.

ऊन टेकडीमागे जाण्याच्या बेतास आढे पुरे जाहले. वेंडेल शिडीवरून उतरला, हात झटकले, बायकोशी दोन शब्द बोलला ते कोणास ऐकू आले नाहीत, आणि कुंपणाचे फाटक उघडून बाहेर येऊन उभा राहिला. म्हणाला, "झाले." लुटगरजींनी जवळच्या देवदाराची डहाळी मोडली आणि वेंडेलच्या कोटाच्या बटणात अडकविली. त्याने विचारले, "हे काय?" लुटगरजी म्हणाले, "आमच्यात शिकार साधली की तिच्यावर डहाळी ठेवतात. मग ती धन्यासमोर न्यावी लागते. धन्याने डहाळी हाती घेतली की शिकार त्याची. तोवर तिला कोणी हात लावायचा नाही, सुरी लावायची नाही. लावील तो चोर." वेंडेल म्हणाला, "आणि धन्याने घेतल्यावर?" लुटगरजी म्हणाले, "त्यावर माझा हक्क नाही." वेंडेलने मान हलविली. "खरे सांगितलेस. दुसरा असता तर काहीबाही बोलला असता." मग निघाले. हात बांधले नाहीत. कास्पर म्हणाला, "बांधा की, मुखत्यार, शोभेला तरी," आणि वेंडेल म्हणाला, "शाकारून बोटे चिरली आहेत, दोर बोचेल," आणि कोणीच बांधले नाही.

पुलाजवळ आले तो बोडोराव वीसेक स्वारांनिशी उभे. झाडास दोर बांधलेला होता, खाली पिंप उलटे घालून ठेविले होते, आणि तमाशा पाहावयास पायदळाचे सिपाईही जमले होते. बोडोराव म्हणाले, "शाबास. उशीर केलास, पण आणलास. आता बाजूस हो." लुटगरजी म्हणाले, "महाराजांकडे चाललो आहे, सरदारसाहेब." बोडोराव म्हणाले, "महाराज जेवणाला बसले असतील. एका शाकाऱ्यासाठी त्यांना पानावरून उठवतोस?" लुटगरजी म्हणाले, "डहाळी अजून कोणी घेतली नाही." सरदारांस काही उमजेना. त्यांनी खाली वाकून वेंडेलच्या बटणातली डहाळी पाहिली आणि मोठ्याने हसले, आणि त्यांचे स्वारही हसले. "अरे, हे रान नव्हे, हे मैदान आहे. येथे तुझा हरणाडुकरांचा कायदा चालत नाही. येथे माझा चालतो." लुटगरजी म्हणाले, "मैदान आपले असेल. शिकार महाराजांची आहे. त्यांनीच मला तिच्यामागे लाविले." बोडोरावांचा आवाज चढला. "तुला रान मिळायचे आहे म्हणे. माझ्या एका शब्दाने तुझे रान जाईल, कळते का? दुसऱ्याच्या रानात दुसऱ्याची हरणे मोजीत मरशील." हा घाव बरोबर लागला. लुटगरजी वेंडेलला म्हणाले, "खाली बस," आणि तो बर्फात बसला. आणि तिघे शिकारी त्याच्याभोवती, त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि बंदुका जमिनीवर ठेविल्या.

बोडोरावांनी तलवार काढली आणि म्हणाले, "बंदूक खाली ठेवलीस ती बरी केलीस." लुटगरजी म्हणाले, "बंदूक आपल्यासाठी नव्हतीच. मी एकच गोष्ट सांगतो, ती आपल्या लोकांसमोर सांगतो, म्हणजे नंतर वाद नको. आपल्या वडिलांनी, आजोबांनी राजाबरोबर शिकार खेळलेली आहे. त्यांत कोणी राजाने हात लावण्याआधी राजाच्या शिकारीस सुरी लावली होती का? त्या माणसास आपल्या घराण्यात काय म्हणतात?" त्या मुलखात सरदारास भित्रा म्हटलेले चालते, कर्जबुडवा म्हटलेलेही चालते, परंतु सरकारी रानातला चोर म्हटले की त्याच्या पंगतीस कोणी बसत नाही. सिपायांच्या गर्दीतून एक म्हातारा गोलंदाज हळूच म्हणाला, "चोरटा शिकारी म्हणतात." बोडोरावांनी त्याच्याकडे पाहिले, मग दोराकडे पाहिले, मग आपल्या स्वारांकडे पाहिले, आणि स्वार घोड्यांच्या आयाळी पाहत होते. तलवार म्यान करून ते म्हणाले, "चल. महाराजांपुढेच चल. तू त्याच्या दारात बसून आमटी प्यालास, माझ्या स्वाराने टेकडीवरून पाहिले, तेही सांगतो." कास्पर हळूच म्हणाला, "आमटी मी जास्त प्यालो, सरदारसाहेब, तेवढे नीट सांगा."

राजाचा तंबू मोठा, परंतु आत थंडीच होती, आणि राजा पायावर घोंगडी घेऊन बसला होता. बोडोरावांनी सगळी हकीकत सांगितली, आणि खरी सांगितली, कारण खोटे बोलणे त्यांच्या रक्तात नव्हते: की यास सकाळी पाठविले, हा ऊन कलेपर्यंत पळपुट्याच्या दारात बसला, घर शाकारण्यास हात लाविला, आणि मग माझ्या हुकमास आडवा आला. राजाने लुटगरजींस पुसले, "हे ऐसेच?" "ऐसेच, महाराज." "दार फोडून का नाही धरलेस?" "जाळीतले धरीत नाही, महाराज. आमचा नेम आहे." "आणि तो मागच्या भिंतीतून पळाला असता?" "तर मीच पुन्हा माग काढला असता. दोष माझा असता." राजा म्हणाला, "तुझा नेम मला ठाऊक आहे, मीही शिकार खेळतो. ही डहाळी मी घेतली म्हणजे हा माझा. मग मी यास त्याच झाडास त्याच दोराने लटकविले तर तू काय म्हणशील?" तंबूत सगळे लुटगरजींकडे पाहू लागले, वेंडेलही पाहू लागला. लुटगरजींस वाटले की येथे दयेचा एखादा शब्द बोलावा. परंतु तो शब्द बोलला तर नेम आपल्या सोयीचा झाला, आणि सोयीचा नेम उद्या सरदाराच्याही सोयीचा होईल. ते म्हणाले, "काही म्हणणार नाही, महाराज. आपली शिकार. फक्त घेण्याआधी तिच्याकडे पाहावे. धन्याने न पाहता शिकार घेऊ नये, हाही नेमच आहे."

तेव्हा राजाने वेंडेलला पुढे बोलाविले आणि पुसले, "का गेलास?" वेंडेल म्हणाला, "महाराज, इतकी वर्षे फौज जेथे गेली तेथे मी गेलो. घर लांब होते तोवर ते होते की नाही यात फरक पडत नव्हता. औंदा आपण वेढा टाकला तो माझ्याच टेकडीच्या अलीकडे. रोज सकाळी टेकडीवर पहाऱ्यास गेलो की मला माझ्या घराचा धूर दिसे. मग एके दिवशी धूर दिसला तो धुराड्यातून नव्हे, आढ्यातून, म्हणजे छप्पर उघडे पडलेले. मी लोकांची छपरे शाकारून मोठा झालो. ते पाहून मला राहवले नाही." राजाने पुसले, "परत आला असतास?" वेंडेल म्हणाला, "पुलाजवळचे झाड रोज पाहत होतो, महाराज. म्हणजे आलो असतो ऐसे म्हणवत नाही." मग राजा लुटगरजींकडे वळला. "तू माग पाहिलास. हा येणार होता का?" लुटगरजी म्हणाले, "माग सरळ होता, महाराज, लपवलेला नव्हता. जनावर कोठे गेले ते माग सांगतो. कोठे जाणार होते ते सांगत नाही." बोडोराव हे ऐकून चकित झाले, कारण लुटगरजी येथे खोटे बोलतील ही त्यांची खात्री होती.

राजाने हात पुढे करून वेंडेलच्या बटणातली डहाळी काढून घेतली. मग निकाल सांगितला तो ऐसा: की हुकमावाचून गेला म्हणोन हिवाळाभर पायात बेडी घालून पुलाच्या लाकडांवर काम करावे; त्यानंतर पलटणीत परत जावे; आणि पुन्हा गेला तर दोर. वेंडेल तेथेच खाली बसला, आणि कोणी त्यास ऊठ म्हटले नाही. मग राजा लुटगरजींस म्हणाला, "तू माझ्या सरदारास सिपायांसमोर चोर म्हणालास." लुटगरजी म्हणाले, "म्हणालो नाही, महाराज, पुसले." "पुसलेस म्हणजे म्हणालास. त्याची किंमत दे. रान निवडण्याचा पहिला मान तुझा होता, तो गेला. सगळ्यांनी निवडल्यावर उरेल ते तुझे." बोडोराव भुईकडे पाहत राहिले. लुटगरजींच्या डोळ्यापुढून ओढा गेला, ओकची झाडे गेली, दारातले बसणे गेले. ते म्हणाले, "मान्य आहे. परंतु महाराज, मी किंमत दिली तर माल माझ्या हाती यावा." राजाने भुवई वर केली. "काय माल?" "आम्ही धरलेल्या माणसास आपण, किंवा आपण नेमाल त्या पंचांनी, पाहून ऐकून निवाडा करीपर्यंत कोणी हात लावू नये. सरदारांनी नाही, स्वारांनी नाही, आम्हीही नाही. हे फौजेत दवंडी पिटून सांगावे." राजाने बोडोरावांकडे पाहिले, आणि बोडोराव थोडा वेळ मिशी चावून म्हणाले, "पिटा. दोर बांधायचा कंटाळाच आला होता."

आता नावाचा प्रश्न आला. दवंडीत या लोकांस म्हणावे काय? दरबारचे चिटणीस म्हणाले, "फौजेत बंदोबस्त करणाऱ्यास जे नाव पूर्वीपासून आहे तेच द्यावे. कोतवाल म्हणावे. शिकारी हे नाव रानात ठीक. सिपायास वाटेल आम्हाला ससे समजतात." बोडोरावही म्हणाले, "हे बरोबर. कोतवाल म्हणा." परंतु लुटगरजी उभे राहिले आणि हलेनात. म्हणाले, "महाराज, कोतवाल झालो तर उद्या माझ्या जागी जो येईल तो कोतवालाच्या रीतीने वागेल, दार फोडील, आणि त्यात त्याचा दोष नसेल. शिकारी म्हणवले तर त्यास शिकाऱ्याचा नेम विचारता येईल. सिपाईसुद्धा विचारील. रान द्या न द्या, नाव सोडणार नाही." बोडोराव म्हणाले, "आणि मैदान आमचे, ते आम्ही सोडणार नाही. रानचे शिकारी मैदानात हुकूम चालवू लागले ऐसे लोक म्हणतील." राजाने दोघांकडे पाहिले, पायावरची घोंगडी सारखी केली आणि म्हणाला, "मैदान तुझे राहू दे, शिकार याची राहू दे. दोन्ही एकापुढे एक लिहा. मधे जागा सोडू नका, नाहीतर तेथे भांडण शिरेल." चिटणिसांनी तैसे लिहिले. फेल्डयेगर. ऐसे ते नाव पडले.

मग लढाई सरली, किल्ला पडला, मुलूख आला, आणि शिकाऱ्यांस राने मिळाली. कास्परने ओढ्यावरचे ओकचे रान निवडले आणि लुटगरजींपाशी येऊन म्हणाला, "तुम्ही घ्या, मी दुसरे घेतो." लुटगरजी म्हणाले, "बोली मोडायची नाही. तू घे, आणि ओंडके विकून खाऊ नकोस." सर्वांमागे लुटगरजींच्या वाट्यास जे आले ते दलदलीचे, अर्धे बुडालेले, बर्च नावाच्या झाडांच्या नुसत्या काड्या उभ्या असलेले रान. त्यांनी ते फिरून पाहिले, चार वर्षे खपून पाण्यास वाट करून दिली, आणि पाचव्या वर्षी तेथे बगळे आणि रानबदके इतकी उतरू लागली की कास्पर पाहावयास आला तो दोन दिवस राहिला. ओटिलीच्या घराचे पुढे काय झाले ते ठाऊक नाही. वेंडेलने बेडीत हिवाळा काढला एवढे खरे.

सारांश. त्या फौजेत पुढेही माणसे पळत राहिली, कारण थंडी, भूक आणि घर ही तिन्ही कोणत्याही राजाच्या हुकमात नाहीत. फेल्डयेगरांनी पुष्कळांस धरून आणिले, आणि त्यांतल्या कित्येकांस ऐकून घेतल्यावर फाशीही झाली; ते लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्या मुलखातले म्हातारे सिपाई सांगत की बर्फाच्या रानात पळपुट्यास मागे पाने वाजल्याची चाहूल लागे आणि तो ओरडून पुसे, कोण आहे ते. उत्तरात घोड्याची टाप ऐकू आली तर तो जीव घेऊन धावत सुटे. आणि झाडांतून कोणी म्हणाले, "फेल्डयेगर," तर तो आहे तेथेच बसे, जोडे काढी, आणि पाय चोळीत त्यांची वाट पाही. इति.